गाठीचा दाखला

गोमटेश माझा भाचा. त्यानं लेकीला साताऱ्यात माझ्या दारात सोडलं, पण स्वतः चपलाही काढल्या नाहीत.

"आत्ती, चार म्हैनं ठेवून घे. हितं कोण वळखत न्हाई. सांगलीत तोंड दावायला जागा न्हाई ऱ्हायली."

ब्राह्मी एकोणीस वर्षांची. पोट जरा पुढं आलेलं. आईनं औषधाच्या दुकानातून आणलेल्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या आणि घरानं तिच्याशी बोलणं टाकलं.

"आज्जी, माझं कुणाशी काहीच नाही गं," ती म्हणाली. घरी हेच सांगितल्यावर तिनं थोबाडीत खाल्ली होती.

माझा विश्वास बसला, कारण सुंदरीही हेच म्हणाली होती.

सुंदरी माझी थोरली बहीण. मंदिरात ती स्तवन म्हणायला लागली की बायांच्या हातातल्या माळा थांबायच्या. गुऱ्हाळावरून येताना माझ्यासाठी केळीच्या पानात गरम गूळ बांधून आणायची. मग तिचं पोट वाढलं आणि तिला मागच्या खोलीत कोंडलं. वर्ष उलटलं तरी मूल झालं नाही. ती गेली तेव्हा हातापायांच्या काड्या झाल्या होत्या, पोट मात्र तेवढंच. तरी गाव म्हणालं, पाप फुगलं. आईनंही तेच धरलं.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी ब्राह्मीला सोनोग्राफीला नेलं. गर्भाशय रिकामं होतं. डाव्या अंडाशयात नारळाएवढी गाठ.

गाठ काढली, तपासायला गेली. रिपोर्टच्या दिवशी गोमटेश आला. गाठ तपासणाऱ्या डॉक्टर रेश्मांनी आम्हाला समोर बसवलं.

"गाठीच्या पातळ चकत्या काचेवर घेऊन रंगवतो. ठरावीक प्रथिन असलं तरच पेशी तपकिरी होतात. कॅन्सर कुठल्या जातीचा, ते त्यावरून कळतं. हा बीजपेशींचा आहे. त्यातल्या काही पेशी गरोदर बाईच्या वारेत बनतं तेच प्रथिन बनवतायत. म्हणून पट्टी फसली."

"म्हंजे पोर गरवार न्हवती?"

"नव्हती. पण कॅन्सर आहे. औषधं लगेच सुरू करू. बरी व्हायची आशा चांगली आहे."

गोमटेशनं हात जोडले. "मॅडम, ती गरवार न्हवती म्हणून जरा मराठीत लिवून द्या. पावण्यांस्नी दावतो."

मी विचारलं, "माझ्या बहिणीचंही असंच असेल का हो? साठ वर्षं झाली."

"पेशी बघितल्याशिवाय नाही सांगता येत, आज्जी."

सुंदरीला तर आम्ही जाळलं होतं.

बाहेर गोमटेश बायकोला फोनवर सांगत होता, "अगं, रडू नगं! कॅन्सर हाय, कॅन्सर! दुसरं कायबी न्हाई!"

वॉर्डात तो कंदी पेढ्यांचा बॉक्स घेऊनच आला. ब्राह्मीनं बॉक्सकडे बघितलं.

"पप्पा, गाठ निघाली नसती तर?"

"आता कशाला त्यो इषय? पेढा खा."

"औषधं झाली की मी आज्जीकडंच राहणार."

गोमटेश खरोखरच चक्रावला. "का गं? आता घरी यायला काय अडचन हाय?"

तिनं भिंतीकडे तोंड केलं. मी बॉक्स उचलला आणि त्याच्या हातात परत दिला.