पळसाच्या पानांचा देह

मगन घर सोडून आगबोटीवर कोळसा ओढायला पळाला, त्या दिवशी त्याच्या आईने, दगूबाईने, ओट्यावर उभं राहून अख्ख्या प्रकाशा गावाला ऐकवलं होतं, "मन्हा एकच पोऱ्या शे. हिलाल." त्याला सहा वर्षं झाली. बोललेला शब्द गिळायची तिची रीत नव्हती.

आता स्पेनच्या कुठल्याशा बंदरातल्या दवाखान्यातून पत्र आलं. गावच्या मास्तरांना ते वाचता येईना. मग हिलालने नवापुराकडून मूळ स्पेनच्या एका पादऱ्याला गाडीत बसवून आणलं.

"वाच रे बाबा," दगूबाई म्हणाली. "तुन्ही दाढी देखाले नही बलायेल."

पादऱ्याने पुस्तकी मराठीत सांगितलं. ताप होता. तिसऱ्या दिवशी मगन गेला. "लिहिणारी तिथली परिचारिका आहे. 'आम्ही कपडे जाळले. मगनला पुरले.'"

दगूबाईच्या डोळ्याला पाणी आलं नाही. ती ओळीवरून फिरणाऱ्या त्याच्या बोटाकडे बघत होती; ते मगनच्या नावाआधी अडलं होतं.

"तठे बोट काब थांबनं?"

"आमच्या भाषेतलं एक लहान अक्षर आहे, बाई. 'आ'. कपडे जाळले, भांडं फोडलं, तर आम्ही ते लावत नाही. माणसाला पाहिलं, माणसाला पुरलं, तर त्याच्या आधी लावतो. इथे मगनच्या आधी आहे."

"आनि बैल ऱ्हायना तं?"

"जीव लावलेला असेल, तर त्यालाही."

"माणूस परका ऱ्हायना तरी लावतस?"

"परका असला तरी."

दगूबाईने त्या अक्षरावर बोट ठेवलं. त्या परिचारिकेने मगनला ना न्हाऊ घातलं होतं, ना मांडीवर घेतलं होतं. तरी शेवटची माती तिने माणसाला द्यावी तशी दिली. आणि आईने सहा वर्षं त्याचं ताटही मांडलं नव्हतं.

हिलाल हळूच म्हणाला, "माय, त्याला अग्नी नाही मिळाला. भटजी सांगतात, देह नसला की पळसाच्या पानांचा देह करून जाळतात. पण तू तर त्याला..."

"पानं आन."

दुसऱ्या दिवशी अंगणात दर्भाच्या काड्यांवर पानं रचली. डोक्याच्या जागी नारळ ठेवला. हात झाले, पाय झाले. भटजी मंत्र म्हणत होते. हिलालने छातीवरून सूत फिरवलं आणि गाठ मारायला जोराने ओढलं. दोन पानं करकन फाटली.

दगूबाईने धावत जाऊन त्याचं मनगट धरलं.

"धीरे आवळ रे," ती म्हणाली. "त्याले लागी जाई."

हिलालने सूत सैल केलं.