एकट्या कधी असता?

पुष्पांजलीला सकाळपासून दोनदा घेरी आली होती. पण उद्या अमडापूरचा बाजार, मेथीच्या जुड्या बांधायच्या होत्या. पावसाळ्यापासून हे असंच चाललेलं. दुखणं अंगावर काढायची एकदा सवय लागली की बाई, सांगायचंही जिवावर येतं.

तेवढ्यात सासऱ्याचा, मोतीरामचा, फोन वाजला. आरोग्याचा सर्व्हे आहे, पलीकडची बाई म्हणाली. घरात ज्याचा वाढदिवस सगळ्यांत आधी येतो त्याच्याशीच बोलायचा नियम आहे. आता उंद्रीसारख्या खेड्यात वाढदिवस आणायचे कुठून? मोतीराम एक जून, सासू सुभद्राबाई एक जून, पुष्पांजलीचा नवरा भागवत तोही एक जून. शाळेत नाव घालताना मास्तरांनी अख्खं घर एकाच दिवशी जन्माला घातलेलं! दवाखान्यात जन्मलेली पुष्पांजली तेवढी फेब्रुवारीची. तिचा नंबर लागला.

मोतीरामने फोन दिला, पण स्पीकरवर, आणि स्वतः शेजारीच मांडी ठोकून बसला. बाईने विचारलं, थकवा येतो का?

"तिले काय धाड भरली?" मोतीरामच बोलला.

त्यांनाच बोलू द्या, बाई म्हणाली. मग पुष्पांजली प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणत गेली. चक्कर नाही, धडधड नाही, जेवण जातं. सासऱ्यासमोर सांगणार काय, कपाळ! नाही म्हणायचाही तिला आता शीण आला होता.

शेवटी बाई म्हणाली, "ताई, तुम्ही एकट्या कधी असता? तेव्हा फोन करते."

पुष्पांजली विचारात पडली. पहाटे गोठ्यात सासू, दिवसभर वावरात सगळे, रात्री नवरा. तिला खरंच आठवेना. फोनवर हात ठेवून तिने समोर जुड्या बांधत बसलेल्या सासूलाच विचारलं, "आत्याबाई, मी एकटी कवा राह्यतो वो?"

सुभद्राबाईही याच घरात सून होऊन आल्या होत्या. कितीतरी दिवसांनी त्यांनी सुनेकडे नीट पाहिलं. ओठ पांढरेफटक पडले होते. सुभद्राबाईंना स्वतःचाच राग आला. हातातली जुडी टोपल्यात टाकून त्या उठल्या.

"उठा तुमी," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "चाला बाहीर."

काऊन, काऊन विचारत मोतीराम उठला. सुभद्राबाईंनी जाताना दार ओढून घेतलं.

पुष्पांजलीने स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला.

"ताई, पह्यल्यापासून इचारा."