चिंचेनं घासलेला बंब

मी तांब्याचा बंब. पोटात विस्तव आणि भोवती पाणी घेऊन जगलेला. सध्या बेळगावात गुंडू तांबटाच्या दुकानात आडवा पडलोय. माझं ऐकायला आता तुम्हीच उरलात.

मी मूळचा निपाणीचा. पहिलं बाळंतपण उरकून रुक्माबाई बेळगावला सासरी निघाली, तेव्हा तिच्या आईनं मला घडवून घेतलं आणि तान्ह्या बेबीबरोबर गाडीत चढवलं. "नातीला गार पाणी लागाय नगं," म्हणाली. वर्षभरात ती माउली गेली, आणि रुक्माबाई मला आईच्या जागी मानू लागली. मी आपला पाणी तापवत होतो. पण मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू!

शेणी, कोळसे, भुईमुगाची टरफलं, मिळेल ते खाल्लं. तिचा नवरा मारुतीराव तोटी अर्धवट उघडी सोडून कचेरीला पळायचा, ऊन पाणी वाहून जायचं, आणि मागून न्हाणाऱ्याला कोमट लागलं की शिव्या मला! दिवाळीत पाणी भरायच्या दिवशी मात्र रुक्माबाई मला चुन्याचे पट्टे ओढी, गळ्यात कारिटाचा वेल बांधी. त्या दिवशी मी कुणाला मोजत नसे.

पुढं बेबी सासरी गेली, आणि इतक्या वर्षांत माझी विस्तवाची आतली नळी झिजली. विस्तवावर थेंब पडून चरचरू लागले. तेवढ्यात बेबी बाळंतपणाला यायची वेळ झाली.

"अगं, मोडीत घालू ह्याला, नवा घेऊ," मारुतीराव म्हणाला.

"बेबीचं बाळ ह्याच्याच पाण्यानं न्हाणार. माझ्या आईची एवढी एकच वस्तू हाय माझ्याजवळ."

महायुद्ध चालू होतं, त्यामुळं तांब्याचा पत्रा मिळत नव्हता. जुनं तांबं दिल्याशिवाय नवा बंब नाही, म्हणजे दोन्ही ठेवायची सोय नव्हती. शेवटी ठरलं, गुंडूला दाखवायचं. तो डाग देऊन नळीची भोकं बुजवतो म्हणाला तर ठेवायचा, न्हाय तर मोड.

या घरातलं भांडं कल्हईलासुद्धा कधी न घासता गेलं नाही. मग माहेरची वस्तू परक्यापुढं काळीकुट्ट कशी ठेवायची? गुंडू यायच्या आदल्या दिवशी रुक्माबाईनं मला बाहेरून उजळलं, मग नळीभोवतीच्या पाण्याच्या जागेत चिंचेचं पाणी ओतलं, आत हात घालून कोपर सोलपटेपर्यंत घासलं. वर्षानुवर्षं नळीवर साचलेला क्षारांचा पांढरा थर सुटून मोरीतून वाहून गेला. मला ओरडावंसं वाटत होतं. बाई, त्या थरानंच मला धरून ठेवलं होतं!

गुंडूनं पाणी ओतलं. नळीतून धारा लागल्या.

"आक्का, आतला थर कशाला काढलासा? तो असता तर चार डागांत भागलं असतं. आता नळीची चाळण झाली."

रुक्माबाईनं एकदा मोरीकडं बघितलं. संध्याकाळी मारुतीराव आला, मला लखलखताना बघून खूश झाला.

"पटलं की न्हाय शेवटी? मोडीत घालायला काय झकास उजळलंस गं!"

तिनं पदराला हात पुसले. "व्हय, पटलं," म्हणाली आणि आत गेली. खरं काय झालं ते तिनं कुणालाच सांगितलं नाही.

गुंडूनं हातोडा उचललाय. निपाणीच्या तांबटांनी एकेक ठोका घालून मला उभं केलं, आता ते सगळं चेपायचं. त्याचं वाईट वाटतं, पण जायचं तर प्रत्येकालाच आहे. तिचं तेवढं बघवत नाही. तुम्ही कधी त्या घरी गेलात तर तिला सांगा, की बाई, तू घासलंस म्हणून बंब गेला नाही. त्याचे दिवस भरलेच होते.

हे खरं नाही. तरी सांगा.