काळ्या मातीचं बेणं

"वहिनी, तुमचा कसावा म्हणजे गोगलगाय! दीड वर्ष नुसता झोपून असतो. माझा बघाल, सहा महिन्यांत पोसतो!"

एवढं बोलून वाल्देसीर माझ्याच चुलीपुढे बसून माझ्याच कसाव्याच्या कंदांचा भाजका रवा माशाबरोबर बकाबका खाऊ लागला. हा माझा धाकटा दीर. मदेरा नदीने काठ गिळला, त्यात ह्याचं शेत गेलं, म्हणून हा वर आमच्या पिवळ्या मातीत राहायला आला. सोबत बायको, तीन पोरं आणि सासूबाईंच्या बेण्याचे भारे. शेत बुडालं, तोरा तेवढा कोरडा राहिला.

खालची काठाची माती काळीभोर, जुन्या लोकांची राख-हाडं मुरलेली. तिथे आपोआप उगवलेल्या रोपांतलं जे झटपट पोसेल, तेच सासूबाई पुढे लावायच्या. त्यांच्या सासूनेही तेच केलं. अशी ती पिढ्यान्पिढ्या भरल्या ताटावर वाढलेली जात. उपास तिला माहीतच नाही. आमच्याकडे आमचं चिवट बेणंच तगतं. नवा माणूस दारोदार जाऊन ते मागतो आणि कुणी नाही म्हणत नाही. पण हे राजेसाहेब हात पसरतील तर ना!

त्याची बायको नाझिल्दा मागच्या दाराने आली. "ताई, हे ऐकत नाहीत हो. तुमचं थोडं बेणं द्या. पोरांचं वर्षाचं खाणं आहे."

"त्याला पाठव मागायला," मी म्हणाले.

तो आला नाही; सासूबाईंचंच बेणं लावलं. सहा महिन्यांनी त्याने कंद उपटले, ते बोटाएवढे निघाले. तरी रिवाजाप्रमाणे सोलायला आम्हा बायकांना बोलावलंच. मी टोमणे तयार ठेवूनच गेले. बूड टेकतो न टेकतो तोच सोलणं संपलं. मग किसून, पिळून झाल्यावर एवढ्याशा चोथ्यासाठी मूर्खाने मोठी कढई तापवली आणि घाम गाळत रवा भाजला.

पहिला गरम रवा सोलणारणींचा. वाल्देसीर वाडगा घेऊन एकेकीपुढे वाकत गेला. माझ्यापाशी येईपर्यंत एक मूठ उरली होती. नाझिल्दा रिकामं पोतं काखेत धरून उभी होती. धाकट्या पोराने हात पुढे केला, तो तिने हळूच मागे ओढला.

"घ्या वहिनी. कसं झालंय?"

टोमणे राहू दिले आणि मी हात पुढे केला. मूठ पोरासाठी परत करावी, तर त्याच्या घरचं मी नाकारलं असं झालं असतं. मी ती सगळ्यांदेखत सावकाश चावून खाल्ली.

"कुरकुरीत झालंय," मी म्हणाले.