सत्ताविसावा प्रसंग

त्याने कादंबरीतल्या एकविसाव्या प्रसंगाचं कार्ड माऊसने धरून एकोणिसाव्याच्या वर आणून सोडलं. पडद्यावरचे मधले दोन प्रसंग एकेक घर खाली सरकले.

"अहो, आधी भांडण आणि मग ओळख?" ती हसली. "आपलं तसंच झालं होतं म्हणा."

लेखिका ती. तो जन्मभर इमारतींचे नकाशे काढणारा. दोन वर्षांपूर्वी तिच्या मनातून आधी कालचं, मग वर्षंच्या वर्षं निसटू लागली, तेव्हा कादंबरी लिहायचं हे सॉफ्टवेअर तोच शिकला. तिच्या वह्यांतला प्रसंग न् प्रसंग त्याने एका बोटाने टाइप केला होता. आता रोज सकाळी तो वाचून दाखवायचा आणि कुठला कुठे बसवायचा ते ती सांगायची.

सत्ताविसावा तो गुपचूप ओलांडणार होता. पण तोवर तिनेच चष्मा लावून वाचायला घेतला होता. रुग्णालयाचा व्हरांडा. नऊ वर्षांची मुलगी. नर्सने आईच्या हातात आणून दिलेल्या छोट्या चपला.

"हे कोणी लिहिलं?"

"तूच."

"पोरीला कशाला मारलं मी? काय बिघडवलं होतं तिने माझं?"

त्याचा हात माऊसवरून खाली आला. वीस वर्षं झाली होती. त्या चपला तिच्या हातून त्यानेच सोडवून घेतल्या होत्या.

"कथेची गरज असेल," तो म्हणाला.

"कसली डोंबलाची गरज! काढून टाका."

त्याने प्रसंग पुसला नाही. 'न वापरलेले' असं नाव दिलेल्या कप्प्यात नेऊन ठेवला. त्याच्या जागी पुढचं कार्ड वर आलं: आई कपाटातले सगळे फ्रॉक शेजारणीला देऊन टाकते.

तिच्या कपाळावर आठी पडली. "आता हे कसं जुळायचं? चांगले फ्रॉक का देते ही?"

त्याने कीबोर्ड जवळ ओढला.

"लहान झाले असतील," तो म्हणाला.

"अगं बाई, हो की!" तिचा चेहरा उजळला. "पोरी काय, बघता बघता वाढतात. लिहा, लिहा लवकर."

एकेक अक्षर शोधत त्याने लिहिलं.

"आणि कादंबरी संपते तेव्हा केवढी असते हो ती?"

त्याला आठवावं लागलं नाही.

"एकोणतीसची," तो म्हणाला. "मार्चमध्ये तीस पूर्ण होतील."