डाव्या वाटीतलं चंदन

गाभाऱ्यात एक पिंडी, चंदनाच्या दोन वाट्या आणि पांढऱ्या कण्हेरीची अकरा फुलं. मंडपात एकशे बासष्ट माणसं. पायऱ्यांखाली, उन्हात, बाउरीपाड्यातली आणखी चौतीस. तनिमा हाजरानं दोनदा मोजलं. शाळेत भौतिकशास्त्र शिकवताना ती मुलांनाही दोनदाच मोजायला लावायची.

या देवळातल्या बुडोशिवाचे सेवाइत, म्हणजे सेवेचे वंशपरंपरागत हक्कदार, हाजरा घराणं. वर्षातले त्र्याहत्तर दिवस सेवेचा हक्क तिच्या वडिलांचा, बाकीचे निकुंजकाकांचे. वडिलांच्या दिवसांत खालच्या जातीचे मानले गेलेले बाउरी लोक गाभाऱ्यात येऊन स्वतःच्या हातानं पिंडीवर पाणी घालत. काकांच्या दिवसांत ते पायरीखाली. वैशाखात वडील गेले. मुलगा नव्हता, आणि कायदा मुलीच्या बाजूनं होता. म्हणून काकांनी कोर्टाचं नाव न घेता थेट देवालाच साक्षीला बोलावलं. ज्याच्या नावाचं फूल पिंडीवरून पडेल, तो वारस.

“डावी वाटी मुलीची, उजवी निकुंजबाबूंची,” पुजारी पतितपावन ठाकूर म्हणाले. “चंदन वेगवेगळं हवं. नाहीतर देवाचा गोंधळ होतो.”

“त्रिलोकीचा मालक वाटीवरून माणूस ओळखतो?” तनिमानं विचारलं.

“सायन्सनं डोकं तापतं, पोरी. गप्प बैस.”

काकांचं फूल चार मिनिटांत पडलं. शंख वाजले, बायकांनी जीभ हलवत उलूचा मंगलध्वनी केला. तनिमाचं ढिम्म. पाच वेळा लावलं, पाचही वेळा तेच. तिचं फूल पुजाऱ्यांना दर वेळी ओढून काढावं लागलं, आणि काढताना पाकळ्या फाटल्या. तनिमानं तेवढं लक्षात ठेवलं.

“देवाला बाईची सेवा नको, त्याला मी काय करू?” पुजारी म्हणाले. “मी आपला नुसता चिकटवणारा!”

“हट्ट सोड, पोरी,” काका मायेनं म्हणाले.

“सोडते. एक फूल उरलंय, तेवढं विचारून घेते.” तिनं फूल डाव्या वाटीत बुडवून पिंडीवर लावलं. “देवा, निकुंजकाका माझ्या आजोबांचेच पुत्र असतील, तर फूल पाड.”

चार मिनिटं झाली. दहा झाली. फूल जागचं हललं नाही.

पायरीखालून म्हातारी खेंतीमावशी ओरडली, “अगं बाई! मग हा निकुंज कुणाचा?”

मंडप खदखदला. काका ताडकन उठले. “ती वाटी नको! उजवीतलं लाव, उजवीतलं!”

हशा थांबला.

“का हो काका? देव तोच, चंदनाचं झाडही तेच.”

काका खाली बसले. पुजाऱ्यांना जानवं नीट करायचं सुचलं.

तनिमानं डावी वाटी लोकांत फिरवली. ज्यानं बोट घातलं, त्याच्या बोटाला तार आली. “बेलफळाच्या बियांचा चीक. लहानपणी आपण पतंग यानंच चिकटवायचो. उजवीत चंदन कमी, पाणीच जास्त. देवाला खुशाल माना. पण देव बोलला असं कुणी सांगितलं, तर आधी वाटीत बोट घालून पाहा.”

मग लोकांनीच वाट्यांची अदलाबदल करून चाचणी पुन्हा घ्यायला लावली. खेंतीमावशी पायऱ्या चढून आत आली. बाहेरून तोडून आणलेली दोन्ही ताजी फुलं तिनं स्वतःच्या हातानं लावली.

तनिमाच्या नावाचं, उजव्या वाटीतलं फूल चार मिनिटं दहा सेकंदांत पडलं. निकुंजबाबूंच्या नावाचं, डाव्या वाटीतलं, संध्याकाळच्या आरतीपर्यंत, म्हणजे सहा तास वीस मिनिटं, पडलं नाही.