लोद्राच्या अंगणातले माठ

पाद्मी हसत हसतच परत आली. राजधानीशेजारच्या बुबातच्या मैदानात चैत्राची जत्रा भरत होती आणि तिची सासू रुम्बी मांडवाखाली पेंढा पसरून माठ मांडत होती. उरलेला माल नदीच्या पलीकडच्या काठावरून आणायचा होता, पण लोद्रा नावाडी आलाच नव्हता. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं, म्हणून रुम्बीनं सुनेला त्याच्या अलीकडच्या काठावरच्या झोपडीवर पाठवलं होतं.

त्यांचा पाय मुरगळलाय, पाद्मीनं सांगितलं. मग तिला पुन्हा हसू फुटलं.

"पण आई, त्यांचं अंगण बघायला हवं होतं तुम्ही. जिकडे बघावं तिकडे आपलेच माठ. एकात तांदूळ, एकात सुकी मासळी, आणि एका फुटक्यात तर कोंबडी अंड्यांवर बसलीय."

रुम्बीचा हात थांबला. दर खेपेला लोद्रा तिच्याकडून एक माठ घ्यायचा. तिला वाटायचं, खालच्या बंदरात जहाजवाल्यांना विकत असेल. म्हणून तीही घासाघीस करून त्याच्याकडून पुरते पैसे वसूल करायची. नवरा गेला तेव्हा तिचा तगुह रांगत होता. तेव्हापासून मातीच तिचं सासर आणि मातीच माहेर. माल नदीपार नेणारा हा माणूस त्या माठांचं काय करतो, हे विचारायला तिला सवड झाली नव्हती.

तेवढ्यात दुसऱ्याच्या नावेनं माल घेऊन तगुह आला. बायकोनं सांगितलेलं ऐकून त्याचा चेहरा पडला. आईच्या तोंडावरचं हसू त्यानं पाहिलं आणि तो आणखी चिडला. घरात सून आलेल्या बाईनं पुन्हा लग्नाचं मनात आणू नये, लोक काय म्हणतील, असं बरंच तो बोलला.

"अख्ख्या राजधानीत चर्चा होईल, आई."

"होऊ दे," रुम्बी म्हणाली. "माठही खपतील."

तिनं हात धुतले. केळीच्या पानावर नागवेलीची पानं, सुपारी, चुना मांडला. मागणी घालायला असा विडा घेऊन यायचं ते पुरुषाच्या घरच्यांनी. पण लोद्राला घरचं कुणी नव्हतं आणि आता त्याला चालताही येत नव्हतं. दुकान पाद्मीवर सोपवून ती भर जत्रेतून निघाली.

लोद्रा ओसरीवर पाय पसरून बसला होता. ती दिसताच उठायला गेला आणि कळ येऊन पुन्हा बसला.

"एका माणसाला इतके माठ कशाला लागतात?" तिनं विचारलं.

"पाणी प्यायला."

"खरं सांगा."

तो कोंबडीकडे बघू लागला. "दर खेपेला ठरवायचो, आज विचारायचंच. तुम्ही लगेच भाव सांगायचा. मग भावावरच बोलणं व्हायचं."

रुम्बी हसली, इतकी की तिला खांबाला टेकावं लागलं. डोळ्यांतलं पाणी पुसत ती म्हणाली, "यापुढे तुम्हाला एकही माठ विकणार नाही मी."

लोद्राचा चेहरा उतरला. "का?"

"घरातलं माणूस कधी विकत घेतं का?"

तिनं पान पुढं केलं. तो घाईघाईनं विडा लावू लागला. चुना जास्त झाला, दोघांची तोंडं भाजली, तरी कुणी थुंकलं नाही.

आईच्या मागोमाग तगुह आला होता. कुंपणाशी उभं राहून त्यानं सगळं ऐकलं होतं. तो आत आला आणि गुडघ्यावर बसून कोंबडीखालचा माठ निरखू लागला. बुडाशी काळी भेग होती. लहानपणी पहिल्यांदाच भट्टी लावताना त्यानं जाळ जास्त केला होता, त्या वेळचा माठ. कुणी फुकटही घेतला नसता.

"हासुद्धा घेतलात?"

"चांगला होता की," लोद्रा म्हणाला.

तगुहनं नावाड्याचा सुजलेला घोटा हळूच दाबून पाहिला, मग पाठ फिरवून खाली वाकला. "बसा पाठीवर. जत्रेत जेवण चुकेल."

मैदानात घंटा आणि झांजा वाजू लागल्या होत्या. मुखवटे घातलेले नाचे रांगेनं चालले होते, त्यांच्या मागून धापा टाकत तगुह, त्याच्या पाठीवर लाजेनं चूर झालेला म्हातारा नावाडी. पोरं ओरडत होती, बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. तगुहलाच हसू आवरेना. सर्वांच्या पुढे रुम्बी चालली होती, मान ताठ, ओठ लालभडक.